बर्फाची सायकल

"लई थंडी पडली बघा," असं कुणी म्हटलं की अप्पा त्या माणसाकडे कीव आल्यासारखे बघायचे. डिसेंबरचा महिना, अख्खी गल्ली कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसलेली, आणि हे नुसत्या बंडीवर गच्चीवरून खाली उतरायचे. गच्चीत त्यांचा तंबू होता आणि हिवाळाभर ते त्यातच झोपायचे. "हिला काय थंडी म्हनायची?" ते म्हणायचे. "थंडी बर्फाला आसती."

बर्फाला. आपण बाजाराला जातो, शेताला जातो, तसं अप्पांना बर्फाला जायचं होतं. तेही सायकलवर, लातूरहून सामान लादून, भर हिवाळ्यात. आणि तिथं पोचल्यावर बर्फात तंबू ठोकून झोपायचं होतं. त्यापुढचा बेत त्यांच्याकडे नव्हता. झोपून उठायचं आणि परत यायचं. अप्पा लिंगायत, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. त्यामुळे हिमालय म्हटल्यावर लोकांना वाटायचं, काहीतरी नवस असेल. पण देवाचं काही नव्हतं. "देव गळ्यातच हाय, त्येला बघायला तितकं लांब कशाला जाऊ?" असं ते म्हणायचे. त्यांना बर्फ पडताना ऐकायचा होता.

मी त्यांची भाडेकरू. मूळची नांदेडची, गोदावरीच्या काठची, म्हणजे पाण्याच्या बाबतीत लाडावलेली. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि टंकलेखक म्हणून माझी तिथल्या एका कचेरीत बदली झाली. आमचे हे देगलूरला शाळेत शिक्षक. नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी, आणि मध्ये उदगीरवरून जाणारी, कधी येईल ते तिचं तिलाच माहीत अशी एसटी. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. शनिवारी दुपारपासून माझं लक्ष टंकयंत्रात नसायचं, स्टँडवर असायचं. गावभर नव्या जिल्ह्याचं कौतुक चाललं होतं. जिथं तिथं ताज्या रंगाचा वास, नव्या पाट्या, बाहेरगावाहून आलेली आमच्यासारखी माणसं. अप्पांचं त्यावर एकच मत होतं. "जिल्हा झाला, ब्येस झालं. नळ कवा व्हनार?"

एकट्या बाईला खोली देताना घरमालक शंभर प्रश्न विचारतात. अप्पांनी एकच विचारला.

"सायकल येती का?"

"नाही."

"मंग यष्टीची वाट बघू बघू म्हातारी व्हशील," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्यांची स्वतःची सायकल ओसरीत उभी असायची. काळी, उंच, पुरुषी दांड्याची, मागे रुंद लोखंडी कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा. तिच्यावर काकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याचं पांघरूण. दर सोमवारी पूजा आटोपली की अप्पा तिला करडीच्या तेलाचं बोट लावायचे. गंजगोलाईत त्यांचं दुकान होतं, दोर, सुतळी, बारदाना आणि ताडपत्रीचं. घरापासून चांगलं लांब. पण दुकानाला ते चालत जायचे. मी एकदा म्हटलं, दारात सायकल असताना चालता कशाला? तर मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखे ते बघायला लागले. "ती बर्फाची सायकल हाय," ते म्हणाले. तालीम मात्र चालायची. बारदानाच्या दोन पिशव्यांत विटा भरायच्या, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या आणि पहाटे औशाच्या सडकेला लागायचं. ओळखीचे लोक विचारायचे, "अप्पा, इटा इकायला काढल्या का?" अप्पा मान डोलवायचे आणि पुढे जायचे.

हे वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका सरदारजीमुळे. दुकानाचा माल घेऊन येणारा ट्रक ड्रायव्हर. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून तो लातूरला यायचा. एकदा माल उतरवताना मोठा पाऊस आला. दुकानाच्या पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. सरदारजी हसला आणि ओरडून म्हणाला, "हमारे उधर बर्फ गिरती है, तो आवाज नहीं होती. सुबह दरवाजा खोलो, तब मालूम पडता है." माल उतरवून तो गेला. अप्पा मात्र त्या वाक्यातच राहिले.

"पोरी, इच्चार कर," ते मला सांगायचे, तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली जायचा. "पानी पडतंय आन् घरच्याला पत्ता न्हाई! सकाळी उठून बघावं तर दारात पानीच पानी. गडगड न्हाई, कडकड न्हाई. आपल्याकडं आभाळ वराडतंय चार घंटे आन् देतंय चार थेंब. तिकडं बोलत न्हाई, निस्तं देतंय. हे खरं आसंल का?"

मी म्हणायची, खरंच असणार, त्यात काय एवढं. त्यावर ते माझ्यावर नाराज व्हायचे. नांदेडची माणसं सगळी अशीच, म्हणायचे.

काकू या प्रकरणात कधीच काही बोलायच्या नाहीत. मुळात त्या बोलायच्याच कमी. चेहऱ्यावर हसू तर मी पाहिलंच नव्हतं. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. काकूंचं शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी असायचं आणि गल्लीतली झबली, पोलकी त्याच्यावर शिवली जायची. अप्पांचा पहिला तंबू दुकानातल्या ताडपत्रीचा होता. तो सायकलवर चढवला की सायकलच बसायची. तेव्हा काकूंनी एक शब्द न बोलता दुहेरी सुती कापड आणलं, आठवडाभर यंत्र चालवलं, जवसाच्या तेलात मेण उकळून ते कापडाला पाजलं आणि तंबू अप्पांसमोर टाकला. अप्पा आत शिरले, लोळले आणि बाहेर येऊन कुरकुरायला लागले.

"येवढा ऐसपैस कशाला केलीस? फुकटचं वजन झालं की."

"राहू द्या. सामान ठिवायला लागतंय," काकू म्हणाल्या आणि यंत्रावर झाकण घातलं.

गल्लीला चेष्टेला विषयच मिळाला. समोरचे शिंपी म्हणायचे, "अप्पा, आत वऱ्हाड घेऊन चाललाव का?" अप्पांनी तो रुंद तंबू गच्चीवर ठोकला आणि कुरकुरत का होईना, त्यातच झोपायला लागले.

तर असं सगळं तयार होतं. सायकल तयार, तंबू तयार, माणूस तर केव्हाचा तयार. आणि पाऊस गेला.

एक वर्ष कोरडं गेलं, लोक म्हणाले, पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षीही आला नाही. नांदेडच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय ते पेपरात वाचून कळत नाही. घागर घेऊन उभं राहिलं की कळतं. आमच्या गल्लीत पाणी राहिलं होतं ते फक्त अप्पांच्या परसातल्या विहिरीला. अरुंद, खोल विहीर, वाकून बघितलं तर तळाशी रुपयाएवढं आभाळ दिसायचं. अप्पांनी फाटक उघडं टाकलं आणि पाळी लावली. ज्याने त्याने संध्याकाळी आपलं भांडं आणून रांगेत ठेवायचं आणि घरी जायचं. माणूस नसलं तरी चालेल, भांडं त्याची जागा धरतं. पहाटे अप्पा बाहेर यायचे, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे, तेवढ्याला चमचाभर पाणी घ्यायचे आणि मग भांड्यांना हाका मारायला सुरुवात करायचे. माणसांना नाही, भांड्यांना. "पोचा पडलेली कळशी, या! कान तुटलेली बादली, तुमची पाळी!" प्रत्येक भांडं कुणाच्या घरचं, ते त्यांना पाठ होतं. कुणी हळूच आपली घागर पुढे सरकवली, तर ते काही बोलायचे नाहीत. घागर उचलून पुन्हा तिच्या जागी ठेवायचे. एवढ्या भांडखोर गल्लीत त्यांच्या पाळीवरून कधी कुणी ब्र काढला नाही.

ते असताना. त्यामुळेच त्यांना कुठे जाता येईना.

पहिल्या हिवाळ्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. ते मला म्हणाले, "देगलूरपर्यंत तालीम करून येतो. तुझ्या मालकाला काय द्यायचं आसंल तर दे." मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. देगलूरची हकीगत मला ह्यांनी नंतर सांगितली. दिवेलागणीला दारात एक माणूस उभा, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीने माखलेला. ह्यांना वाटलं, कुणीतरी बैरागी असेल. तो म्हणाला, "तुमची मंडळी खुशाल हाय. वाळली हाय जरा, पर खुशाल हाय. हे धपाटे. तंबू कुठं ठोकू?" ह्यांनी परोपरीनं सांगितलं, घरात झोपा. पण अप्पांनी शाळेच्या मैदानातच तंबू ठोकला. सकाळी शाळेतली पोरं भोवती जमली. निम्मी मराठी, निम्मी तेलुगू, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, की सर्कस कधी सुरू होणार? अप्पांनी त्यांना तंबू गुंडाळायचा कसा ते शिकवलं आणि परतीला लागले. तिथून त्यांनी माझ्यासाठी ह्यांचा एक सदरा आणला होता, बटण लावायला. बटण तर होतंच. सदरा फक्त मला मिळावा म्हणून ह्यांनी पाठवला होता. मी तो कितीतरी दिवस धुतला नाही.

पण त्यांच्या मागे इकडे विहिरीवर रांग मोडली होती. पहिली पहाट कशीबशी निभावली. दुसऱ्या पहाटे भांड्यांना हाक मारायला काकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. कुणाची तरी कळशी पुढे गेली, कुणी ती लाथेनं मागे ढकलली, चार हात एकदम दोरावर पडले. ओढाताणीत दोर टांगलेलं वरचं लाकूड निखळलं आणि खाली आलं ते काकूंच्या उजव्या हातावर. अप्पा दुपारी पोचले तेव्हा फाटकाशी सगळी गल्ली उभी होती आणि काकू ओसरीत हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्लास्टर निघालं तरी त्यांची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

अप्पा कुणावर रागावले नाहीत. ते मला जास्त लागलं. त्यांनी शिडी आणली, दुकानातला चांगला जाड दोर आणला आणि सायकल ओसरीच्या तुळईला टांगून टाकली. "पाऊस पडंस्तोवर न्हाई," एवढंच म्हणाले. मग तिच्या चाकांखालून जाताना ते वर बघायचे नाहीत. माणसाला एवढी एका गोष्टीची ओढ असावी आणि ती त्याच्याच घरात, त्याच्याच डोक्यावर लटकत असावी, हे बघवत नसे. तसं बघितलं तर मीही लटकलेलीच होते. बदलीचे माझे अर्ज जात होते आणि कुठेतरी गडप होत होते. आम्ही दोघं संध्याकाळी ओसरीत बसायचो, मी देगलूरकडे तोंड करून, ते वरती न बघता.

दुसरा उन्हाळा तर फारच वाईट होता. विहिरीचा दोर वाढवावा लागला. अप्पा बोलायचे बंद झाले, भांड्यांना नुसत्या खुणा करायला लागले. आणि एका दुपारी फाटकातून हातगाडी आत आली. तिच्यावर बारदानात गुंडाळलेलं, भुसा लावलेलं काहीतरी आडवं पडलं होतं. पुढे काकू चालत होत्या. त्या घराबाहेर अशा कधी जायच्या नाहीत. बर्फाच्या कारखान्यातून त्यांनी अख्खी लादी आणली होती, सरबतवाल्यांना लागते तसली.

"हे काय?" अप्पा म्हणाले.

"तुमास्नी जाता येईना," काकू म्हणाल्या. "म्हनून त्येलाच बोलावून घेतलं."

चौघा जणांनी लादी गच्चीवर नेली, तंबूत ठेवली. अप्पा तंबूच्या तोंडाशी आले. मग धोतर सावरून आत गेले आणि बर्फावर मांडी घालून बसले. आम्ही बाहेरून बघत होतो. ते वाकले आणि त्यांनी लादीला कान लावला.

"ऐकू येतं का काही?" मी विचारलं.

"कडकड करूलालंय," ते आतून म्हणाले. "हे बोलतंय गं. हे ते न्हाई."

पण उठले नाहीत. कान लावून तसेच पडून राहिले. एवढ्यात खालून ओरडा आला. गच्चीच्या पनाळीतून पाणी ठिबकायला लागलं होतं आणि शिंप्यांच्या म्हशीनं ते आधी हेरलं होतं. बघता बघता पनाळीखाली बादल्या आल्या, घमेली आली, एकीनं तर पोराची अंघोळच सुरू केली. भांडण लागणार असं दिसताच तंबूतून अप्पा बाहेर आले. धोतर मागून ओलंचिंब, अंगाला भुसा चिकटलेला. कठड्यावरून त्यांनी आरोळी ठोकली, "रांग लावा! रांग! कान तुटलेली बादली मागं व्हा!" आणि भराभर जिना उतरून आपल्याच बर्फाची पाळी लावायला लागले.

गल्ली पोट धरून हसली. अप्पाही हसले, किती महिन्यांनी. ऊन उतरेपर्यंत गच्चीवर नुसतं ओलं बारदान उरलं. काकूंनी विचारलं, "झाली का थंडी?" ते म्हणाले, "झाली की." मला त्या दिवशी देगलूरची इतकी आठवण आली, की मी कुणाला न सांगता स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीत बसले.

मग पाऊस आला, तो आल्यासारखा आला. विहीर अशी भरली, की काठावर बसून तांब्या बुडवावा. त्याच वर्षी गल्लीत नळही आला. भांडी आपापल्या घरी गेली. माझी आणि ह्यांची, दोघांचीही नांदेडला बदली झाली, आणि मी लातूर सोडलं. निघताना अप्पा म्हणाले, "दिवाळी झाली की तुझ्याच दारावरून जातो बर्फाला." तुळईची सायकल तेव्हा खाली उतरलेली होती.

आणि खरंच आले. नांदेडला आमच्या अंगणात त्यांनी पहिल्या मुक्कामाचा तंबू ठोकला. सायकलवर काय नव्हतं? घोंगडी, ज्वारीचं पीठ, चटणीची बरणी, तवा, काथ्याच्या दोराची वेटोळी, आणि पुढच्या दांड्याला दोन्ही अंगांना गळ्यापर्यंत भरलेले पाण्याचे दोन डबे. सकाळी मी त्यांना गोदावरीच्या पुलापर्यंत पोचवायला गेले. खाली नदी दुथडी वाहत होती.

"अप्पा, एवढ्या नद्या ओलांडून बर्फाला चाललाय. पाणी कशाला वाहताय?"

"पान्याबिगर उंबऱ्याबाहीर पडला तर तो लातूरचा मानूस न्हवं," ते म्हणाले. पुलावर त्यांनी पायडल मारलं आणि हळूहळू लहान होत गेले. मला तेव्हा रडू आलं. त्यांना जाताना बघून आलं, की एवढ्या वर्षांचा तो सगळा खोळंबा आठवून, ते सांगता येणार नाही.

सगळा हिवाळा काही खबर नव्हती. मी लातूरला जाऊन काकूंना भेटले, तर त्या ज्वारी निवडत बसलेल्या. "पोचत्याल," म्हणाल्या. "जीव हाय त्यात त्यांचा." पण बोलताना त्यांची वाकडी बोटं सुपावर थांबली होती.

शिवरात्रीच्या सुमारास अप्पा परत आल्याचं कळलं आणि मी पहिली गाडी पकडली. परसात गल्ली जमली होती. अप्पा विहिरीच्या काठावर बसले होते. काळे ठिक्कर पडलेले, नाकाची सालं निघालेली. काकू ओसरीत त्यांच्याकडे पाठ करून जोंधळे पाखडत होत्या.

डोंगर सुरू झाल्यावर सायकल चालवायची राहिलीच नाही, ते सांगत होते, ढकलायची. रस्त्यावर बर्फ लागला तेव्हा चाकं घसरायला लागली, तर त्यांनी काथ्याचा दोर टायरांना गुंडाळला आणि चाकांना पकड आली. याचा त्यांना फार अभिमान होता. करडीचं तेल मात्र दगा देऊन गेलं, तुपासारखं थिजलं आणि चाक फिरेना. शेवटच्या गावात एकच चहावाला हिवाळ्याला राहिलेला. तो म्हणाला, बाबा, पुढे जाऊ नका. मग गावाखालच्या सपाटीवर तंबू ठोकला. पहिल्याच रात्री दोन्ही डबे फुटले.

"पानी फुगलं आन् डबा फाडून बाहीर आलं," अप्पा म्हणाले. "लातूरचं पानी. येवढं जपून नेलतं."

"आणि बर्फ?" मी विचारलं. मला राहवेना. "पडताना ऐकला का?"

"आगं, बर्फ हाय, पर पडंना! चौकडं जुनाच पडलेला. म्या आपला तिथं बी रोज आभाळाकडं बघत बसायचा. म्हनलं, आपलं नशीबच तसलं." सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. "मंग एका सांजंला वारं थांबलं. थांबलं म्हंजे पाकच थांबलं. म्या तंबूच्या तोंडाशी बसलो व्हतो. हातावर काहीतरी बसलं. बघतो तर बर्फ. सरदारजी खोटं बोलला न्हाई, पोरी. आवाज न्हाई. बिलकुल न्हाई. निस्तं येतंय आन् बसतंय."

अप्पांनी तळहात पुढे करून दाखवला.

"मंग मला काय सुचलं कुनास ठाऊक. उठलो आन् भांडी बाहीर मांडली, रांगंनं. तांब्या, फुलपात्र, तवा, चटनीची बरनी, फुटका डबा. हे शिंप्याचं, हे कोपऱ्यावरल्या मावशीचं, हे नांदेडच्या पोरीचं. सकाळी उठून बघतो तर सगळी भरल्याली. शिगंला लागल्याली. कुनी पाळी लावली न्हाई, दोर वढला न्हाई, कुनाच्या हातावर काय पडलं न्हाई. म्या तिथं बसून रडलो. मंग त्यातलंच तळहातावर घेतलं, लिंगावर ठिवलं. आपल्या आपुन इरघळलं."

त्यांनी डोळे पुसले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलावं तसं म्हणाले, "झोप मातर आली न्हाई. तंबूत लई जागा. एक अंग उबदार व्हायचं, दुसऱ्या अंगाला निस्तं वारं. म्या हिला पयल्यापसनं म्हनत आलो, लई मोठा शिवलीस."

ओसरीतून सुपाचा आवाज थांबला.

"मोठा न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "दोघांच्या मापानं शिवला व्हता."

सूप पुन्हा चालू झालं. गल्लीतली माणसं एकेक करून फाटकाबाहेर पडली. मीही उठले. मागे अप्पा हळू आवाजात म्हणताना ऐकू आले, "सांगायचं न्हाईस व्हय?" आणि काकू म्हणाल्या, "ईचारायचं न्हाई व्हय?"

अप्पा पुन्हा हिमालयात गेले नाहीत. त्या प्रवासानं त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि काकूंना धाप लागायची. आता दोघंही नाहीत. लातूरला माझं जाणं होतं, पण त्या गल्लीत पाऊल टाकवत नाही. विहिरीवर जाळी बसवलीय म्हणे. मला मात्र डिसेंबर लागला की त्या दोघांची अशी ओढ लागते, की घरात बसवत नाही. मी पुलावर जाऊन उभी राहते. ह्यांना आता ते माहीत आहे, ते काही विचारत नाहीत.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते अशाच एका डिसेंबरात. कचेरीच्या कामाला लातूरला गेले होते. सकाळी उजाडताना गाडीतून उतरले तर औशाच्या सडकेला धुकं होतं, आणि धुक्यातून ती काळी, उंच सायकल आली. अप्पा दम खात पायडल मारत होते. मागच्या कॅरिअरवर बारदानाची घडी बांधलेली, तिच्यावर काकू एका अंगाला पाय सोडून बसलेल्या. मांडीवर तंबूची वळकटी, एक हात तिच्यावर, वाकड्या बोटांचा हात अप्पांच्या बंडीला धरलेला. गावाबाहेर कुणाच्या तरी हरभऱ्याच्या शेतात ते हिवाळ्यात असे दोन-दोन दिवस मुक्कामाला जातात, हे मी गल्लीतून ऐकलं होतं. रात्री दहिवर पडतं, सकाळी तंबू ओला होतो, एवढंच.

"अप्पा! काकू!" मी ओरडले. "एवढ्या सकाळी कुठं निघालात?"

अप्पांना बोलायला दमच नव्हता. त्यांनी नुसती मान मागे केली, की हिला विचार. काकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"बर्फाला," त्या म्हणाल्या.